न गळणारं छत

"छत गळतंय," असं सांगत ते गृहस्थ आले तेव्हा आठही वाजले नव्हते. वर्कशॉपचं शटर मी नुकतंच वर केलं होतं. पिकअपच्या हौद्यावर पॉप-अप कॅम्पर, छत उचललेलं, आणि झोपायची गादी दारातून अर्धी बाहेर काढून ठेवलेली. मला दाखवायलाच. गादी उलटी केली, तर खालच्या कापडावर काळ्या ठिपक्यांची बुरशी आणि मधोमध परातीएवढा ओला डाग.

पॉप-अप कॅम्पर ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे पिकअपवर बसवलेलं छोटं फिरतं घर. प्रवासात त्याचं छत खाली बसवून कड्या लावतात, म्हणजे गाडी वाऱ्याला कमी अडते. मुक्कामाला पोचलं की छत वर ढकलायचं. आत दुमडून बसलेलं जाड विनाइल कापड ताणलं जातं आणि त्याचीच वरची भिंत होते. खालचा भाग पत्र्याचा, वरचा कापडाचा, आणि गादी ड्रायव्हरच्या केबिनच्या डोक्यावर. थंडीत ते कापड म्हणजे नुसता आडोसा. आत-बाहेर अडवायला काहीच नाही.

हे नवराबायको डोंगरात फिरणारे, थंडीतसुद्धा. महिन्याभरापूर्वी दोघांनी मिळून आतून इन्सुलेशन बसवलं होतं. चंदेरी फॉइलची बबल शीट छताला आणि भिंतीला डिंकाने चिकटवलेली, छत वर तोलणाऱ्या पुढच्या-मागच्या दुमडत्या फळ्यांवर थर्माकोल, सांध्यांवर ॲल्युमिनियमची टेप. काम खरंच नेटकं होतं. कडा सरळ, कुठे सुरकुती नाही. आमच्याकडचा पोऱ्या इतकं सफाईने चिकटवत नाही, हे मी त्याच्यादेखतच म्हणालो. एवढं मन लावून केलेलं काम चुकलं असेल असं त्यांच्या डोक्यात येईना, म्हणून दोष छताकडे गेला.

गळती म्हटली की आधी पाणी मारून बघायचं. छताच्या खालच्या कडेपासून सुरुवात करून पाइप हळूहळू वर न्यायचा. एकदम वरून पाणी सोडलं तर सगळंच ओलं होतं आणि नेमकं कुठून शिरतंय ते कळत नाही. आतून सांध्यांवर खडूची भुकटी फासली, थेंब आला तर ओघळ उमटतो. पाऊण तास पाणी मारलं. भुकटी जशीच्या तशी. भिजला तो फक्त पोऱ्या.

"मग हे पाणी आलं कुठून?" बाईंनी विचारलं. गृहस्थांनी खिशातून लाल ठिपका पाडणारा थर्मामीटर काढला. "इन्सुलेशनचा काही दोष नाही, मी मोजलंय," म्हणाले. आतला हीटर सकाळपासून चालू होता, आत १८ अंश, बाहेर अंगणात ४. त्यांनी ठिपका फॉइलवर धरला, आकडा आला १७. "बघा, भिंत गरम आहे."

मी मास्किंग टेपचा बोटभर तुकडा फाडून त्याच जागी फॉइलवर चिकटवला आणि पाच मिनिटं थांबायला सांगितलं. मग ठिपका टेपवर धरायला लावला. ७.

हा थर्मामीटर वस्तूतून निघणारी उष्णतेची किरणं मोजतो. चकचकीत फॉइल स्वतः फार कमी किरणं सोडते आणि समोरची परत फेकते. म्हणजे ते इतके दिवस भिंतीचं नव्हे, खोलीचं तापमान मोजत होते, बहुधा स्वतःच्या शर्टाचंसुद्धा. टेपला चमक नाही, म्हणून टेप खरं बोलते. गृहस्थांनी तीन-चार ठिकाणी टेप लावून पुन्हा पुन्हा मोजलं. छतातल्या ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांवर तर ५ आलं. ॲल्युमिनियममधून उष्णता लाकडाच्या हजार पटींहून अधिक वेगाने निसटते. वर फॉइल ताणून बसवल्याने तिला काही फरक पडत नाही.

बबल शीट वाईट नसते. पण तिच्या चकाकीचा उपयोग व्हायला समोर हवेची पोकळी लागते. गरम पत्र्याला किंवा गार पत्र्याला सपाट चिकटवली की चकाकी वाया जाते, उरतो तो बुडबुड्यांचा बारीक थर, ज्याची आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवण्याच्या ताकदीचा आकडा, जेमतेम १. इंचभर जाडीचा, साच्यातून दाबून काढलेला फोम, एक्सपीएस म्हणतात तो, ५ देतो. साधा थर्माकोल ४ च्या आसपास. हे मला शहाणपण म्हणून सांगायला आवडलं असतं, पण काही वर्षांपूर्वी मीच एका गाडीला फॉइल पत्र्यावर चिकटवून दिली होती आणि वर पैसेही घेतले होते.

आता पाण्याचं. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि अंगातून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. आत १८ अंश आणि दमटपणा ६५ टक्के असेल, तर ११ अंशांहून गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागाला घाम फुटणारच. यांची भिंत ७ वर. मी कोपऱ्यातली टेप सोडवून फॉइलचं टोक ओढलं. मागून पाणी माझ्या मनगटावरून बाहीत शिरलं. पत्र्यावर बुरशीची काळी नक्षी, खालपर्यंत. सांधे बंद केले होते खरे, पण टेप कुठेतरी केसाएवढी सुटतेच. दमट हवा आत शिरते आणि मागे गेलेलं पाणी वाळायला मात्र वाट नसते. गादी थेट गार फळीवर, तिच्या खालीही तेच.

इथवर हे नेहमीचं प्रकरण होतं. मी खालच्या कपाटातली शीट काढायला वाकलो आणि हात तिथेच थांबला.

गॅसच्या टाकीच्या कपाटात तळाला, बाहेरच्या बाजूला एक जाळी असते. त्या जाळीत फोमचा तुकडा बसवलेला. अगदी बरोबर मापाचा, कडेने सीलंटसुद्धा. "तिथून गार हवा यायची," गृहस्थ म्हणाले. आवाजात थोडा अभिमानही होता. छताच्या झडपेवर आतून उशी लावलेली. आणि गादीच्या पायथ्याशी एक छोटा गॅस हीटर, ज्याला बाहेर जाणारा पाइपच नव्हता. बसवलेला हीटर असताना हा कशाला? तर पहाटे थंडी जास्त वाजायची.

टाकीतला गॅस म्हणजे प्रोपेन, हवेच्या दीडपट जड. गळला तर वर उडून जात नाही, पाण्यासारखा तळाशी साचतो. म्हणून ती जाळी खाली असते आणि म्हणून ती कायम उघडी ठेवायची असते. आणि बिनपाइपचा हीटर जळताना खोलीतलीच हवा खातो. ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड, असा विषारी वायू ज्याला वास नाही, रंग नाही. शिवाय एक किलो प्रोपेन जळला की १.६ किलो पाणी तयार होतं, ते सगळं आतच. बसवलेल्या हीटरचा धूर आणि वाफ पाइपातून बाहेर जाते, याची जाते कुठे?

दारामागे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म होता. मी काढून पाठ बघितली. मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली. आतला सेन्सर म्हातारा होतो हे पुष्कळांना माहीत नसतं. बटण दाबलं की भोंगा वाजतो, माणूस निर्धास्त होतो. भोंगा ठणठणीत असतो, नाक गेलेलं असतं.

बाई इतका वेळ दाराशी उभ्या होत्या. "मी म्हणत होते ना, सकाळी डोकं जड असतं," एवढंच बोलल्या, तेही नवऱ्याकडे न बघता.

डोकं कशाने दुखलं हे सांगणारा मी कोण. पण मी हातातली कात्री खाली ठेवली. जाळी मोकळी होईल, नवा अलार्म लागेल, तो छोटा हीटर गाडीतून उतरेल, मग मी कामाला हात लावतो, असं म्हटलं. त्यांनी काही न बोलता फोमचा तो तुकडा स्वतःच कटरने कापून काढला आणि बराच वेळ हातात धरून बसले.

पुढचे चार तास डिंक काढण्यात गेले. या भागाबद्दल कुणी काही सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही नसतंच. हीट गनने कोमट करायचं, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं, बोटांना चिकटलेलं पँटला पुसायचं. पत्रा निघाला एकदाचा साफ. दुमडत्या फळ्यांवरचा थर्माकोल मात्र नुसत्या हातानेच निघाला. मागून पोखरलेला होता. स्प्रेच्या डिंकातलं द्रावक थर्माकोलला खातं, एक्सपीएसलाही खातं. डब्यावर फोमला चालेल असं लिहिलेलं असल्याशिवाय मारू नये. वरून गुळगुळीत, मागे वारुळ.

नवीन काम सुरू करण्याआधी पुटीचे गोळे. हा माझा आवडता प्रकार. पॉप-अपमध्ये जाडीला भाव नाही, घडीला आहे. छत खाली बसल्यावर आत किती जागा उरते ते टेपने मोजताच येत नाही, कारण छत बंद झाल्यावर आत माणूस मावत नाही. म्हणून लिंबाएवढे पुटीचे गोळे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गादीवर, कोपऱ्यांत, दुमडत्या फळ्यांवर ठेवायचे, छत खाली घ्यायचं, कड्या लावायच्या, पुन्हा उघडायचं. चपटे झालेले गोळे कॅलिपरने मोजायचे. मधोमध ११ मिलिमीटर आलं, केबिनच्या बाजूच्या एका कोपऱ्यात फक्त ४. त्याच कोपऱ्यात त्यांनी इंचाचा थर्माकोल लावला होता. कडी लागेना म्हणून ते छतावर बसून लावत होते, असं आता कळलं. कडीची जीभ वाकलीच होती.

त्यामुळे छतात ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या मधल्या खोबणीत २० मिलिमीटरचा एक्सपीएस, पट्टीच्या पातळीखाली राहील असा. पट्ट्यांवरून ३ मिलिमीटरचा बंद छिद्रांचा मऊ फोम, म्हणजे गारवा थेट हाताला लागत नाही, आणि वर कापड. दुमडत्या फळ्यांना फक्त तो ३ मिलिमीटरचा फोम. गृहस्थांना हे फारच कमी वाटलं. कोपऱ्यातला चपटा गोळा मी त्यांच्या तळहातावर ठेवला.

कापडी भिंतींसाठी गोधडीसारखे पडदे शिवले. मध्ये पातळ पॉलिएस्टर वॅडिंग, म्हणजे कापसासारखा थर, दोन्ही बाजूंनी कापड, छताच्या कडेला वेल्क्रोने लटकणारे. गाडी हलवायच्या आधी काढून गुंडाळायचे. वेल्क्रोवरून माझं आणि पोऱ्याचं वाजलं. तो खरखरीत पट्टी गाडीवर लावत होता. ती पट्टी घडी होताना विनाइलला घासते आणि दोन महिन्यांत ओरखडे पडतात. मऊ पट्टी गाडीवर, खरखरीत पडद्यावर. आणि नुसत्या चिकट पाठीवर भरवसा नको, उन्हात तापली की सोलून येते, म्हणून लाकडी पट्टीत स्टेपलच्या पिना मारल्या. पडदे शिवायचं काम बाईंनी मशीनवर बसून उरकलं, माझ्यापेक्षा सरळ. प्रत्येकावर खडूने लिहिलं: डावा पुढचा, डावा मागचा.

गादीखाली विणलेल्या प्लास्टिकच्या तारांची दोन सेंटिमीटर जाडीची चटई, हवा खेळती राहावी म्हणून. छताच्या झडपेवरची उशी काढून टाकली. रात्री झडप दोन बोटं उघडी ठेवायची, असं सांगितल्यावर गृहस्थ म्हणाले, "इतकं करून परत थंडी आतच घ्यायची?" म्हटलं, दमट हवा बाहेर जाते, तिच्या जागी आलेली गार हवा तापली की कोरडी होते. आज रात्री इथेच अंगणात झोपा आणि बघा.

ते खरंच झोपले. रात्री बाहेर उणे २ झालं होतं.

सकाळी साडेसहाला शटरवर थाप. गृहस्थ हातात फडकं घेऊन उभे. "गादी कोरडी आहे. पण हे बघा." विनाइलवर पाणी होतंच, ते असणारच होतं, पडद्यामागचं विनाइल गारच राहतं. सकाळी पडदे काढून ते पुसायचं, हे ठरलेलंच होतं. पण केबिनच्या बाजूच्या त्याच कोपऱ्यात गादीची कड तळहाताएवढी ओलसर होती.

चूक माझी होती. तिथला पडदा मी थोडा लांब कापला होता आणि त्याची खालची शिवण गादीखाली दाबली गेली होती. विनाइलवरून ओघळलेलं पाणी शिवणीने दिव्याच्या वातीसारखं ओढून थेट गादीत नेलं होतं.

"काल तुम्ही मला बरंच ऐकवलंत," गृहस्थ म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

बाईंनी तोवर मशीनवर दोरा भरला होता. मी पडदा खाली पसरला, दोन बोटांवर खडूने रेघ मारली आणि कापला. त्यांनी शिवण घातली. पडदा पुन्हा लावून बघितला, त्याची कड आता गादीपासून सुटी लोंबत होती. मग पडदे गुंडाळले, छत खाली घेतलं, आणि त्या कोपऱ्यातली सरळ केलेली कडी बाईंनी एका बोटाने दाबली. टक् आवाज करून बसली.