पाला पोत्यात भरून ठेवा

मुलुंड पूर्वेच्या माणसाला कचरा शेवटी जातो कुठे हे सांगावं लागत नाही. हरिओम नगरच्या बाजूचं डंपिंग ग्राउंड 2018 मध्ये बंद झालं. त्याआधीची कित्येक वर्षं संध्याकाळी वारा फिरला की आमच्याकडे आधी खिडक्या लागायच्या आणि मग दिवा. आता गाड्या कांजूरमार्गला जातात, म्हणजे तीन स्टेशनं पलीकडे. आपल्या खिडकीतला वास दुसऱ्याच्या खिडकीत गेला, एवढाच फरक. हे मला फार लागत होतं, म्हणून सोसायटीतला ओला कचरा सोसायटीतच जिरवायचा, असं मनाशी ठरवलं.

आमची सोसायटी जुनी आणि लहान आहे. रोज शंभर किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या किंवा 20,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांनी ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आवारातच लावावी, असं पालिकेने 2017 मध्ये बजावलं होतं. त्यात आम्ही बसत नाही. त्यामुळे सभेत पहिलाच प्रश्न आला, ‘आपल्याला नोटीस आलीय का? नाही ना? मग कशाला?’

मी देवनारची गोष्ट सांगितली. ते डंपिंग 1927 पासूनचं. 2016 च्या जानेवारीत तिथे आग लागली तेव्हा धुराचा लोट उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता. आग एवढी का पसरते, तर भाजीची देठं, शिळा भात, फळांच्या साली असं सगळं प्लास्टिकसकट दाबलं जातं. आत हवा पोचत नाही, आणि हवेवाचून कुजताना त्यातून मिथेन निघतो. तो पेट घेतो, आणि नाही पेटला तरी वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून भारी पडतो. तीच साल हवेशीर जागी कुजली तर मिथेन जवळजवळ होत नाही आणि हाती खत येतं. सेक्रेटरी काका म्हणाले, ‘वास आला तर दुसऱ्या दिवशी बंद. आणि खर्च जपून.’ एवढी परवानगी मला पुरेशी होती.

खर्चाचा मुद्दा निघाला तसे यंत्रवाले आले. एका कंपनीने चोवीस तासांत खत देणारं विजेचं यंत्र दाखवलं. मी त्यातून निघालेली भुकटी मागून घेतली, घरी कुंडीतल्या मातीत कालवली आणि पाणी घातलं. दोन दिवसांत तिला बुरशी धरली, आंबूस वास सुटला, माती हाताला कोमट लागायला लागली. म्हणजे कचरा वाळला होता, दळला गेला होता, पण कुजला नव्हता. कुजायला वेळ लागतो, आणि तो विजेने विकत घेता येत नाही, असं माझं स्पष्ट मत झालं. मोठ्या संकुलांच्या अडचणी वेगळ्या असतील, पण आमच्यासारख्या इमारतीने यंत्राच्या नादी लागू नये.

आम्ही पंप रूमच्या मागे विटांचे तीन हौद बांधून घेतले. विटा फटी ठेवून रचल्या, म्हणजे चारी बाजूंनी हवा खेळते. तळाशी नारळाच्या शेंड्या आणि काटक्या घातल्या. पहिला हौद भरला की तो मुरायला सोडून दुसरा घ्यायचा, मग तिसरा, तोवर पहिला तयार. पद्धत एवढीच.

खरी मेख पुढे होती. स्वयंपाकघरातला कचरा म्हणजे बहुतेक पाणीच. त्यात नायट्रोजन भरपूर, कार्बन कमी. जिवाणूंना मात्र नायट्रोजनच्या एका भागाला पंचवीस-तीस भाग कार्बन लागतो. तो मिळाला नाही की ढीग बसतो, चिकट होतो आणि घाण मारतो. पुस्तकी सल्ला असा, की कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, किंवा लाकडाचा भुसा विकत आणा. पण आमच्या कंपाउंडमध्ये दोन पर्जन्यवृक्ष, एक देशी बदाम, एक आंबा आणि भिंतीलगत पिंपळ. हिवाळ्याच्या शेवटी रोज पोतीच्या पोती पाला, म्हणजे कोरडा कार्बनच, गळतो. तो झाडून गाडीत जायचा, नाहीतर वॉचमन कोपऱ्यात पेटवून द्यायचे. कचरा जाळायला नियमांनी बंदी आहे, तरी गल्लोगल्ली सकाळी धूर दिसतोच. एक कचरा ओला म्हणून सडत होता, दुसरा सुका म्हणून जळत होता. दोन्ही एकमेकांवर उतारा आहेत आणि दोन्ही आपल्याच फाटकाच्या आत आहेत, हे कळलं तेव्हा मला जो आनंद झाला तो अजून ओसरलेला नाही.

झाडलोट करणाऱ्या मावशींना मी म्हटलं, ‘मावशी, आजपासून पाला जाळायचा नाही, द्यायचाही नाही. पोत्यात भरून ठेवायचा.’ त्या लगेच म्हणाल्या, ‘सगळा एकत्र नका भरू ताई. आंब्याचा वेगळा ठेवा, तो लवकर मरत नाही.’ आणि ते तंतोतंत खरं निघालं. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं थोड्याच दिवसांत मातीत मिसळून जातात. पिंपळाची जाळी होऊन रेंगाळते. बदामाची पानं चुरून घालावी लागतात, नाहीतर एकावर एक चिकटून थर धरतात आणि हवा अडते. आंब्याचं चिवट पान महिनोन् महिने तसंच राहतं, म्हणून ते आम्ही तळाला घालतो. मावशींचं लहानपण गावी शेणखताच्या उकिरड्याजवळ गेलेलं. मी वाचून जे शिकत होते ते त्यांच्या हाताला आधीच ठाऊक होतं. त्यांच्या कामात हे वाढीव काम आहे, फुकटात करून घ्यायचं नाही, म्हणून महिन्याची वेगळी रक्कम ठरवून ती सभेच्या इतिवृत्तात लिहून घेतली. कुठल्याही सोसायटीने हे काम सुरू करताना हे आधी करावं.

लोकांना वर्गीकरणाची सवय लावणं सगळ्यात जिकिरीचं. नोटीस बोर्डावर कागद लावला, व्हॉट्सअ‍ॅपवर चित्रं टाकली, काही फरक पडला नाही. ओला कचरा काळ्या पिशवीत गाठ मारून येतच होता, आत दुधाच्या पिशवीचे कोपरे, औषधांच्या पट्ट्या. मग मावशी सकाळी ड्रम घेऊन मजल्यामजल्यावर जायला लागल्या आणि मीही सोबत. घरातला डबा पिशवीशिवाय, थेट ड्रममध्ये, आमच्यासमोर उपडा करायचा. बस. स्वतःचा कचरा उघडा पाहिला की माणूस आपोआप त्यात प्लास्टिक टाकायचं थांबतो. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी तर देवाची फुलं दोऱ्यातून ओढून काढून वेगळ्या द्रोणात द्यायला लागल्या. गणपतीत सगळ्या घरांचं निर्माल्य आमच्याकडेच आलं.

रोजचं काम अर्ध्या तासाचं. आदल्या दिवशीच्या कचऱ्यावर नवा कचरा पसरायचा, त्यावर त्याच्या दुप्पट पाला, आणि आंबट ताकाचा शिपका. ताक नसेल तर मुरलेल्या खताची ओंजळ विरजण म्हणून पुरते. दोन परीक्षा मावशींनी आणि मी पक्क्या केल्या. आतला माल मुठीत घट्ट दाबायचा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब डोकावला तर ओल बरोबर, धार लागली तर पाला कमी पडलाय, आणि मूठ उघडताच भुगा सांडला तर पाणी हवं. दुसरी परीक्षा लोखंडी सळईची. ढिगाच्या पोटात सळई खुपसून ठेवायची, थोड्या वेळाने ओढून टोक हातात धरायचं. चटका बसला पाहिजे. चांगला ढीग आतून पंचावन्न-साठ अंशांवर तापतो, त्यात रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. हिवाळ्यातल्या सकाळी ढीग उकरला की वाफ वर येते. सळईचा तो पहिला चटका बसला तेव्हा मावशी आणि मी एकमेकींकडे बघून हसलो.

पावसाळा मात्र परीक्षा घेतो. पत्र्याच्या छपराचं काम मंजूर होऊन रखडलेलं, आणि जूनचा पहिला मोठा पाऊस तिरका आला. मधला हौद चिंब भिजला, फटींतून काळं पाणी वाहिलं, तिसऱ्या दिवशी सडक्या अंड्यासारखा वास तळमजल्याच्या खिडकीपर्यंत गेला. सेक्रेटरी काका हौदापाशी येऊन उभे राहिले. मी एक दिवस मागून घेतला. आम्ही पूर्ण हौद फावड्याने बाहेर काढला, ताडपत्रीवर पसरला, पोत्यातला कोरडा पाला घालून दोनदा वरखाली केला आणि हलक्या हाताने परत भरला. वास येतो तो कचऱ्याचा नसतो, हवा कोंडल्याचा असतो. दुसऱ्या संध्याकाळी काकांनी येऊन श्वास घेतला आणि म्हणाले, ‘छपराचा माणूस उद्या बोलावतो.’ त्या पावसाळ्यात आम्हाला फेब्रुवारीत भरून ठेवलेल्या पोत्यांनी तारलं. मुंबईत जून ते सप्टेंबर कोरडं पान मिळत नाही, म्हणून पावसाळ्याची तयारी पानगळीतच करावी लागते.

त्याच दिवसांत हौदात जाड, करड्या अळ्या झाल्या आणि पुन्हा तक्रार आली. या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या असतात. घरमाशीसारखी ही माशी जेवणावर घोंघावत नाही, चावत नाही, आणि तिच्या अळ्या ओला कचरा झपाट्याने संपवतात. मी ज्यांनी तक्रार केली त्यांना सकाळी सात वाजता खाली बोलावलं. दयाळ पक्ष्याची जोडी हौदाच्या कठड्यावर येऊन बसायला लागली होती. नर शेपटी उभी करून आधी शीळ घालतो, मग उडी मारून अळी उचलतो. ते पाहून त्या घरातली शाळकरी मुलगी रोज खाली यायला लागली. तक्रार तिथेच संपली.

खत तयार झालं की चाळायचं. दोघींनी चाळण धरायची, तिसऱ्याने घमेल्याने ओतायचं. चाळणीवर काय उरतं ते बघण्यासारखं असतं: आंब्याच्या कोयी, नारळाच्या करवंट्यांचे तुकडे, आणि सफरचंदावरचे छोटे गोल स्टिकर. सगळं विरघळलं तरी स्टिकर तसाच, वरचे आकडेसुद्धा वाचता येतात. स्टीलचे चमचेही बरेच निघाले, ते धुऊन लिफ्टजवळच्या खिडकीत ठेवतो, ज्याचे त्याने न्यावेत. खाली पडतं ते काळं, भुसभुशीत खत. त्याला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. चार महिन्यांपूर्वी ती वांग्याची देठं आणि शेंगदाण्याची टरफलं होती.

पंपाचं पाणी गळायचं त्या ओलसर कोपऱ्यात आता काळ्या देठाचा अळू आहे. गोकुळाष्टमीच्या सुमारास पानं हाताएवढी झाली आणि पाच घरांत एकाच दिवशी अळूवड्या झाल्या. गवती चहा भिंतीच्या कडेने माजलाय, पाऊस लागला की ज्याला हवा तो दोन पाती तोडून नेतो. कढीपत्ता आम्ही विकत आणत नाही. मागच्या बाजूचा पर्जन्यवृक्ष, ज्याच्या बुंध्याभोवती पूर्वी सिमेंट होतं, तिथे सिमेंट फोडून खत घातलं, आणि या वर्षी त्याची गुलाबी फुलं खालच्या गाड्यांवर भरभरून पडली.

रस्त्यापलीकडच्या सोसायटीने चौकशी केली तेव्हा मी त्यांना एक घमेलं अर्धवट मुरलेलं खत दिलं आणि मावशींना सोबत नेलं. त्यांची जागा आमच्यापेक्षा मोठी, पण झाडं दोनच आहेत. पाला कमी पडणार. म्हणून पानगळीत आमच्याकडची वीस पोती त्यांच्यासाठी राखून ठेवायची असं ठरलंय. पोती शिवायला दिली आहेत.