समासातले 'कशावरून?'

बडोदे, रविवार रात्र

भाचीच्या निबंधाची वही आज दुपारभर माझ्यापुढे होती. विषय सयाजीरावांच्या शिक्षणकार्याचा, आणि दांडिया बाजारातल्या मराठी घरात वाढलेल्या मुलीला या विषयात काही सिद्ध करावे लागते असे वाटतच नाही. 'महाराजांनी प्रत्येक मुलामुलीला समान शिक्षण दिले' हे पहिले वाक्य, आणि त्यापाठोपाठ लक्ष्मीविलास राजवाड्याचे पानभर वर्णन. हा बादरायण संबंध मी पेन्सिलीने खोडला आणि समासात लिहिले, 'कशावरून?'

तिने पुरावा आणला: सक्तीचे प्राथमिक शिक्षण 1893 मध्ये अमरेली भागात प्रयोगादाखल सुरू झाले आणि 1906 मध्ये राज्यभर लागू झाले. पुरावा खरा, पण त्यावरून सिद्ध होते ते इतकेच, की कायदा झाला. मुले वर्गात येऊन बसली की नाही, हे पटावरून आणि हजेरीवरून ठरेल, आणि साक्षरतेचे आकडे शेजारच्या ब्रिटिश मुलखातील आकड्यांशी ताडून पाहिल्याखेरीज त्यांवरूनही फारसे काही म्हणता येणार नाही. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, उदाहरणानंतर उपनयाची वेगळी पायरी ठेवली आहे, ती याचसाठी असावी: दाखला हातातल्या प्रकरणाला लागू कसा पडतो, ते सांगावेच लागते.

पुढे 'समान' या शब्दावर अडले. 1906 च्या कायद्यात सक्ती मुलांना बारा वर्षांपर्यंत होती, मुलींना मात्र दहापर्यंतच. "मामा, मग मुलींचे वय लिहूच नको का?" तिने विचारले. मी म्हटले, तेच आधी लिही. प्रतिपक्षाने काढण्याआधी आपण काढलेले बरे. शेवटी वाक्य असे झाले: 'गोपाळ कृष्ण गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे 1911 चे विधेयक ब्रिटिश हिंदुस्थानात पुढच्याच वर्षी फेटाळले गेले, तेव्हा बडोदे राज्यात मुलींनाही, मुलांपेक्षा कमी वर्षे का होईना, सक्तीचे शिक्षण लागू होते.' दावा आटोपशीर झाला, पण आता तो सहजासहजी खोडता येणार नाही. गोखले स्वतः बडोद्याचा दाखला देत, हेही तिला घालायचे होते. परंतु ते विधेयकाचे पुरस्कर्ते, त्यामुळे त्यांचा शब्द हजेरीच्या आकड्यांची जागा घेऊ शकत नाही.

'त्यामुळे साक्षरता वाढली' हे वाक्य तूर्त पेन्सिलीतच ठेवले आहे. उद्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जुने जनगणना अहवाल मिळतात का, ते पाहायला ती जाणार आहे.