पेंटियम ४ वर लिनक्स आणि बटण सेल: माझा अनुभव

दुकानदाराने "मदरबोर्ड गेला" असं सांगितलेला जुना कॉम्प्युटर घरात पडला असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी हे वाचा. माझा राग अजून गेलेला नाही.

आमचं गाव राळेगाव तालुक्यात. गावच्या अभ्यासिकेत एक डेस्कटॉप धूळ खात होता: पेंटियम ४, १ जीबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क आणि त्यात विंडोज एक्सपी. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच थांबले, आजच्या बहुतेक वेबसाइट त्यात धड उघडत नाहीत. पोरांना मराठी टायपिंगचा सराव करायचा होता, भरतीचे फॉर्म भरायचे होते. म्हणून अँटिएक्स २३ या विंडोजऐवजी वापरायच्या हलक्या लिनक्सची ३२ बिटची (जुन्या प्रोसेसरसाठीची) आवृत्ती डीव्हीडीवर घेऊन बसवली. ते काम बिनबोभाट झालं. डेस्कटॉप उघडल्यावर २०० एमबीसुद्धा रॅम लागली नव्हती.

नेटसाठी मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग केलं. संध्याकाळी अपडेट घेतले, सगळं सुरळीत. सकाळी अपडेटची तीच आज्ञा दिली तर नकार: रिलीज फाइल (अपडेटची यादी) अजून वैध झालेली नाही. फायरफॉक्समध्ये एकही साइट उघडेना, प्रत्येक ठिकाणी साइट खरी असल्याच्या प्रमाणपत्राची तक्रार. दुपारी कॉम्प्युटरने आपणहून वेळ नीट लावून घेतल्यासारखं एकदा चाललं, मग पुन्हा बंद. कधी सुरू होताना डिस्कची तपासणीच अडून बसायची, कारण डिस्कवर शेवटचं लिहिल्याची नोंद म्हणे भविष्यातली आहे.

तालुक्याच्या दुकानात नेला. कितीतरी दिवस तिथे पडून राहिला. चौकशी केली की "उद्या या". शेवटी तपासणीचे पैसे घेतले आणि सांगितलं, "मदरबोर्ड गेला भाऊ याचा. काही कामाचा नाही हा आता. भंगारात देऊन टाका." त्या माणसाने पेटी उघडलीसुद्धा नव्हती, झाकणावरची धूळ जशीच्या तशी होती. खेड्यातून भाड्याच्या ऑटोत कॉम्प्युटर आणणाऱ्याला इतक्या सहज परत पाठवतात, याचाच मला जास्त संताप आला.

खरं काय ते अभ्यासिकेतल्या एका मुलीच्या लक्षात आलं. सरावाची फाइल शोधताना ती म्हणाली, "काका, या फाइलवर २००४ कायले दिसते?" खालच्या पट्टीवर फक्त वेळ दिसत होती, तारीख नाही. तारीख पाहिली तर जानेवारी २००४!

मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा बटण सेल असतो. कॉम्प्युटरला वीज नसते तेव्हा घड्याळ त्याच्यावर चालतं. आमचा सेल मेला होता. प्लग लावलेला असला की घड्याळ त्या विजेवर चालत राहायचं. गावातली लाईन गेली की तारीख थेट बायॉसच्या (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामच्या) मूळ तारखेवर. आमच्याकडे लाईन कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून बिघाडही कधी दिसायचा, कधी नाही. अपडेटच्या फाइलवर आणि वेबसाइटच्या प्रमाणपत्रावर ती कधीपासून लागू हे लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरला २००४ वाटत असेल तर तो ते भविष्यातलं समजून नाकारतो. त्याचं काहीच चुकलेलं नव्हतं.

वर्ध्याला घड्याळाच्या दुकानात सेल मिळाला. प्लग काढून जुना काढला, नवा लिहिलेली बाजू वर ठेवून बसवला, बायॉसमध्ये तारीख लावली. तेव्हापासून एकदाही अडलं नाही. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर त्या मुलीला मी पहिल्यांदा बसवलं.

सेल लगेच मिळत नसेल तर फेक-एचडब्ल्यूक्लॉक हे पॅकेज टाका. ते वेळ डिस्कवर जपून ठेवतं आणि सुरू होताना परत लावतं. तारीख थोडी मागे राहते, पण २० वर्षं मागे जात नाही. हां, आणि सेल बदलल्यावर बायॉसमधला बूटचा क्रम (आधी कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं तो) एकदा बघून घ्या, तोही मूळ स्थितीला गेलेला असतो.

मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर लोहित देवनागरी फॉन्ट टाका. कीबोर्ड इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची प्रमाणित मांडणी) ठेवा. पेंटियम ३ असेल तर मात्र नवा फायरफॉक्स विसरा, त्याला लागणारा एसएसई२ हा सूचनांचा संच त्या प्रोसेसरमध्ये नाही.

३२ बिटवाल्यांनी आणखी एक बघून ठेवावं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्समध्ये जुन्या ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. अँटिएक्स २३ ज्यावर उभं आहे त्या डेबियन १२ ला सुरक्षा अपडेट जून २०२८ पर्यंत आहेत. आमची पेटी तोवर चालवायची, असं अभ्यासिकेच्या बैठकीत ठरलंय. एक जादा सेलही आणून टेबलाच्या खणात ठेवला आहे.