निळा दिवा विझत नव्हता

2024 च्या फेब्रुवारीत पुण्यातल्या एका डीलरकडून मी 2016 सालची एक लहान पेट्रोल हॅचबॅक 3 लाख 85 हजार रुपयांना घेतली. जुनी गाडी घेताना काय काय पाहावे याची मी घरून यादी करून नेली होती आणि ती निष्ठेने तपासलीही होती. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचून त्यांचे वय काढले, बॉनेटच्या बोल्टवरचा रंग उडाला आहे का ते पाहिले, काचांवरची वर्षे जुळवली, आरसीवर कर्जाचा बोजा नाही याची खात्री केली. आज मागे वळून पाहता लक्षात येते, की या सगळ्या गोष्टी इंजिन बंद असताना पाहण्याच्या होत्या.

मी सकाळी दहा वाजता पोहोचलो तेव्हा गाडी धुऊन-पुसून फाटकाशी उभी होती आणि बॉनेटला हात लावला तर तो चांगलाच कोमट लागला. "आत्ताच पेट्रोल भरून आणली, साहेब," असे डीलरने सांगितले आणि मला त्यात वावगे काही वाटले नाही. चाचणीसाठी आम्ही कर्वे रस्त्याने पाऊण तास फिरलो. एसी पूर्ण लावलेला होता, सिग्नलला गाडी शांत उभी राहत होती, आणि डीलरने दोनदा तरी बजावले, की ही गाडी इतकी थंड चालते की रेडिएटरचा पंखासुद्धा क्वचितच लागतो. त्याचे हे विधान, पुढे कळले त्याप्रमाणे, शब्दशः खरे होते.

माझ्या गाडीत तापमानाचा काटा नाही. अलीकडच्या बऱ्याच लहान गाड्यांप्रमाणे तिच्यात दोनच दिवे आहेत: इंजिन थंड असेपर्यंत निळा आणि ते प्रमाणाबाहेर तापले की लाल. धायरी फाट्यावरून सकाळी सात वाजता कामावर निघाले, की हा निळा दिवा राजाराम पुलापर्यंत तसाच लागलेला असे. फेब्रुवारीतल्या थंडीमुळे असेल असे मी धरून चाललो. मार्च संपत आला, सकाळी स्वेटर लागेनासा झाला, तरी दिवा तिथपर्यंतच सोबत करत राहिला. पेट्रोलही लिटरला अकरा-साडेअकरा किलोमीटरच्या वर जाईना. ते मी सिंहगड रस्त्यावरच्या वाहतुकीच्या खात्यावर टाकले, आणि ज्यांनी तो रस्ता सकाळी पाहिला आहे ते मला याबद्दल दोष देणार नाहीत.

मे महिन्यातल्या एका रविवारी वडिलांना घेऊन साताऱ्याला निघालो. शिरवळ, खंडाळा मागे पडले आणि खंबाटकीचा घाट सुरू झाला. पुढे उसाच्या यंत्राची एक ट्रॉली रडतखडत चढत होती, त्यामुळे आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये अडकून पडलो. तिसऱ्या वळणाच्या आसपास वडील म्हणाले, "काकवी उकळल्यासारखा वास येतोय रे." त्यांचे लहानपण गुऱ्हाळांच्या गावात गेले असल्याने त्यांना तो वास काकवीचा वाटला, पण तो कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा होता. मी डॅशबोर्डकडे पाहिले तेव्हा लाल दिवा लुकलुकत होता, आणि गाडी कडेला घेईपर्यंत बॉनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली होती. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही एवढे शहाणपण मला होते. बाकीचे शहाणपण विम्यातल्या रस्त्यावरच्या मदतीने पुरवले. घाट एकेरी असल्यामुळे गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकला आधी घाट चढून पलीकडे उतरावे लागले आणि मग बोगद्यातून पुण्याकडे परतावे लागले. वडिलांनी तेवढ्या वेळात ट्रकचालकाशी गावकीचे नाते शोधून काढले.

दुसऱ्या दिवशी नांदेड फाट्याजवळच्या गॅरेजात मिस्त्रींनी थंड इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण काढले, पाणी काठोकाठ भरले आणि गाडी सुरू केली. पहिल्या मिनिटातच भांड्यात दूध उतू येताना दिसतात तसे बुडबुडे येऊ लागले. सिलिंडरमधला दाबाखालचा वायू हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्यावरचे झाकण (हेड) यांच्यामधली सांधा बंद ठेवणारी पट्टी, ओलांडून पाण्याच्या वाटेत शिरत होता. हेड उतरवण्याआधी त्यांनी सहज म्हणून थर्मोस्टॅटच्या घराचे दोन बोल्ट सोडले, आत बोट घातले आणि मला बोलावले. "दादा, इथे बघा. व्हॉल्व्हच नाही." घर रिकामे होते, आणि त्याच्या कडेला लावलेली करडी सिलिकॉन पेस्ट इतर सांध्यांच्या मानाने अगदी नवी दिसत होती.

मग माझ्या निळ्या दिव्याचा उलगडा झाला. थर्मोस्टॅट हा मेणाच्या गोळीवर चालणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. कूलंट साधारण 82 ते 88 अंशांवर पोहोचेपर्यंत तो बंद राहतो, त्यामुळे कूलंट इंजिनाच्या आतच फिरते आणि इंजिन लवकर तापून कामाच्या तापमानाला येते. तो काढून टाकला, की कूलंट पहिल्या सेकंदापासून रेडिएटरमधून फिरत राहते. इंजिन बराच वेळ थंडच राहते, थंड इंजिनासाठी संगणक पेट्रोल जास्त सोडतो, आणि कमकुवत गॅस्केट किंवा अर्धवट तुंबलेला रेडिएटर शहरातल्या सपाट रस्त्यावर झाकला जातो. घाटात मात्र सारी झाकपाक संपते. "गाडी गरम होते म्हणून आली, की कित्येक जण हा व्हॉल्व्हच काढून देतात. दोनशे रुपयांत गिऱ्हाईक खूश," असे मिस्त्री म्हणाले. हा उद्योग आधीच्या मालकाने केला की डीलरने, हे सिद्ध करायला माझ्याकडे त्या ताज्या पेस्टपलीकडे काही नव्हते.

उतरवलेल्या हेडवर पोलादी पट्टी आडवी ठेवून मिस्त्रींनी खालून फट मोजायच्या फीलर गेजची 0.15 मिलिमीटरची पाती सरकवली. मधोमध ती सहज आरपार गेली. अॅल्युमिनियमचे हेड वाकले होते. लेथवर फेसिंग (हेडचा पृष्ठभाग सपाट करणे), नवा गॅस्केट संच, थर्मोस्टॅट, रेडिएटर, कूलंट आणि मजुरी मिळून 24 हजार 600 रुपये झाले. जुने भाग मी पिशवीत भरून घरी आणले आणि मिस्त्रींकडून, थोडे मागे लागून, काय सापडले ते सही-शिक्क्यानिशी लिहून घेतले.

डीलरने तोंडी सांगितलेली 'इंजिन-गिअरबॉक्सची सहा महिने हमी' कागदावर पाहिली तेव्हा तिच्या शेवटच्या ओळीत इंजिन तापल्यामुळे झालेले नुकसान वगळलेले होते, आणि ताबा घेतानाच्या पावतीवर 'जशी आहे तशी, तपासून घेतली' या मजकुराखाली माझीच सही होती. फोनवर तो नम्र होता. "साहेब, तीन महिने तुम्ही चालवली, आता मी काय करू?" या प्रश्नाला सोपे उत्तर नव्हतेच.

मी रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवले, सोबत फोटो, मिस्त्रींचा लेखी अभिप्राय आणि बिल जोडले. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि 'जशी आहे तशी' ही सही दोष जाणूनबुजून झाकलेला असल्यास कितपत टिकेल हे आयोगच ठरवील, असे त्यात लिहिले. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. मात्र ज्या वाक्याने काम झाले ते इंजिनाबद्दलचे नव्हतेच, असे मला वाटते. केंद्राने मोटार वाहन नियमांत केलेल्या बदलांनुसार 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी प्राधिकरणाचे अधिकारपत्र घ्यावे लागते, आणि गाडी त्याच्या ताब्यात असताना ती कोण, कशासाठी, किती किलोमीटर घेऊन गेला याची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवावी लागते. मी त्या अधिकारपत्राचा क्रमांक आणि माझ्या गाडीच्या नोंदीची प्रत मागितली.

पत्र पोहोचल्याच्या चौथ्या दिवशी त्याचा स्वतःहून फोन आला. क्रमांक त्याने आजतागायत कळवलेला नाही. तीन आठवड्यांच्या घासाघिशीनंतर 'सहकार्य म्हणून' 14 हजार रुपये माझ्या खात्यात जमा झाले, आणि फेब्रुवारीपासून रखडलेले आरसीचे हस्तांतरणही त्याच आठवड्यात मार्गी लागले. उरलेल्या दहा हजारांसाठी आयोगाची पायरी चढावी असे बायकोचे मत होते. मी चढलो नाही. चूक की बरोबर, त्यावर आमच्या घरी अजून एकमत नाही.

आता सकाळी निघालो की निळा दिवा माणिकबाग येण्याआधीच विझतो.