शेरा

तुरुंगातल्या महिला बराकीत पाऊल टाकलं तोच महिला शिपाई म्हणाल्या, "मॅडम, कालची नवी बाई फार आडमुठी. झडती देईना, उलट हात उचलला." त्यांचा ओठ खरंच सुजला होता. नोंदीत शेरा पडला होता: 'आक्रमक'. दाखल करतानाचा तक्ताही भरलेला. 'मानसिक आजार' नाही, 'अत्याचार' नाही. गुन्हा चोरीचा.

ती भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसली होती. मी खुर्ची जरा बाजूला घेतली, म्हणजे तिला दार दिसत राहील. (एवढं कळायला मला दोन वर्षं लागली.) बाहेर किल्ल्यांचा जुडगा खळखळला आणि तिचे खांदे एकदम कानाशी गेले.

अत्याचार झालाय का, असं विचारलं असतं तर मलाही 'नाही'च ऐकायला मिळालं असतं. बायका नवऱ्याच्या माराला अत्याचार म्हणत नाहीत, मार म्हणतात. मी विचारलं, "घरी तो चिडला की काय व्हायचं?"

बराच वेळ गप्प. मग खाली बघत म्हणाली, "आधी कडी लावायचा. कपडे काढायला लावायचा. मग पट्टा."

काल आम्हीही दार लावूनच तिला कपडे काढायला सांगितलं होतं.

आघातानंतरच्या ताणाची एक चाळणी ५ प्रश्नांची असते: भयस्वप्नं, टाळाटाळ, सतत सावध राहणं, बधिरपणा, स्वतःला दोष देणं. पाचही उत्तरं 'हो'. हे निदान नव्हे, पण डॉक्टरांकडे पाठवायला पुरेसं. मरावंसं वाटतं का, हे मी सरळच विचारते. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. "काल रात्री वाटलं," ती म्हणाली. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना बोलावलं. तिला एकटं ठेवायचं नाही, हेही बजावलं.

महिला कैद्यांसाठीचे संयुक्त राष्ट्रांचे २०१० चे बँकॉक नियम दाखल करतानाच हिंसेचा इतिहास आणि आत्महत्येचा धोका तपासायला सांगतात, विवस्त्र झडतीऐवजी स्कॅनरसारखे पर्याय सुचवतात. आमच्याकडे स्कॅनर नाही. मग शिपाईबाईंशी बोलले: एका वेळी अर्धेच कपडे, हात लावण्याआधी सांगायचं.

"आणि माझा ओठ?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेरा खोडायला गेले तर कळलं, खोडता येत नाही, फक्त खाली जोडता येतं. खाली दोन बोटं जागा होती. बारीक अक्षरात लिहायला घेतलं.