यंदा कोण जिंकणार, काकू?

नोव्हेंबर संपला की माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. नागपूरच्या महाल भागातलं छोटंसं दुकान, दोन मशिनी, एक पिको-फॉलची, आणि चहूकडे शाळांच्या गॅदरिंगचे गठ्ठे. एका शाळेच्या सोळा शिवलेल्या नऊवाऱ्या, दुसरीचे बारा कोळी, तिसरीच्या पऱ्या, ज्यांचे पंख ठेवायचे कुठे हा दरवर्षीचा प्रश्न. कोपऱ्यात टीव्ही चालू असतो आणि त्यावर बहुतेक वेळा कुठला ना कुठला डान्स शो. त्यामुळे माप द्यायला आलेली पोरगी हात वर करून उभी असते आणि विचारते, "काकू, तुम्ही तर सगळे शो पाहता. यंदा कोण जिंकून राहिलं?" तिची आईही कान टवकारते. मी तोंडात टाचण्या आहेत असं दाखवून वेळ मारून नेते.

आता तुम्ही विचारलंतच म्हणून सांगते. मला माहीत नाही. इतरांना कसं कळतं, तेही मला समजत नाही, कारण टीव्हीवर नाच दिसतोच कुठे?

माझी नजर धंद्यानं बिघडली आहे हे आधीच कबूल करते. तुम्ही नाचणारीचा चेहरा पाहता, मी घेराची कड पाहते. गिरकी थांबली की कळीदार, म्हणजे पट्ट्या जोडून शिवलेला, घेर अंगाच्या थोडा पुढे जातो आणि मागे येतो. पाऊल घट्ट रोवलेलं असेल तर तो एकदाच मागे येऊन शांत पडतो. तोल गेला असेल तर कितीही हसू द्या चेहऱ्यावर, घेर चुगली करतो. नऊवारीचंही तसंच. लावणीत खाली बसताना आसनात, म्हणजे दोन पायांमधल्या शिवणीत, कापड कमी पडलं तर मुलगी गुडघे पुरते वाकवत नाही. लोक म्हणतात पोरीची बैठक कच्ची आहे. मी म्हणते, शिंप्यानं कापड वाचवलंय.

म्हणून ट्रायलच्या वेळी मी पोरींना आरशासमोर उभंच राहू देत नाही. "बस खाली. अशी नाही, पुरती बस. आता उजवा पाय लांब कर." गेल्या वर्षी सहावीतली एक पोरगी बसली आणि टर्रकन आवाज आला. तिचे डोळे भरले. म्हटलं, "अगं, इथं फाटलं ना? मग स्टेजवर नाही फाटत." आसनात दोन इंचांची पट्टी घातली, कमरेला इलॅस्टिकसोबत एक हुक वाढवला. दुसऱ्या ट्रायलला तीच पोरगी इतकी खाली बसली की काष्टा जमिनीला टेकला, आणि उठताना हात कुठे टेकवला नाही. तिची बाई म्हणाली, ही अचानक कशी सुधारली हो?

टीव्हीवर मला नेमकं हेच पाहायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच कॅमेरा जजच्या तोंडावर जातो. एका शनिवारी मी बटणांचा डबा घेऊन बसले. कॅमेरा नाचणारीवरून हटला की एक बटण ताटलीत. लावणीच होती, अडीच मिनिटांची असेल. सदतीस बटणं पडली. जजचे विस्फारलेले डोळे, जज उठून उभे, आईचा पदर डोळ्याला, बाकीच्या स्पर्धकांचे उघडे तोंड, पुन्हा जज. उरलेल्या वेळात निम्मं कमरेच्या वरचं. चाळ बांधलेले पाय मला मोजून तीनदा दिसले आणि चाळांचा आवाज एकदाही आला नाही. माझी जाऊ शेजारी भाजी निवडत होती. म्हणाली, "अवं, तुम्ही नाच पाहून राहिल्या का बटणं मोजून राहिल्या?"

माहेर माझं भंडारा जिल्ह्यातलं, झाडीपट्टीतलं. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्रभर दंडार, म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य, चालते. आम्ही पोरं पोती अंथरून सगळ्यांच्या पुढे बसायचो, तेव्हा डोळे बरोबर नाचणाऱ्यांच्या पावलांच्या उंचीवर यायचे. बायांची कामं पुरुषच करत. लुगडं नेसलेल्या एका मामांच्या टाचांच्या भेगा मला अजून आठवतात, आणि त्या टाचा थापेवर कशा पडायच्या तेही. धूळ नाकातोंडात जायची. यात चांगलं कोण नाचतं, हे आम्हाला कुणी समजावून सांगितलं नाही.

जुनं ते सोनं असं मात्र मी म्हणणार नाही. १९९६ साली सोनीवर बूगी वूगी सुरू झालं, जावेद जाफरी, नावेद आणि रवी बहल बसायचे, तेव्हा त्यात सुमार नाचणारेही भरपूर येत. पण येत, नाचत, तिघं चार विनोद करत आणि संपायचं. त्याहून मागं जायचं तर भगवानदादा. जन्म अमरावतीचा, म्हणून आम्हा वऱ्हाड-नागपूरकडच्यांना थोडा जास्तच पुळका. १९५१ च्या 'अलबेला'त पायापासून डोक्यापर्यंत सगळा माणूस डोलताना दिसतो, म्हणून तर लग्नाच्या वरातीत कुणालाही ती चाल जमते.

या शोंनी माझं पोटही भरलं आहे, उगाच खोटं कशाला बोलू. २००९ मध्ये डान्स इंडिया डान्स आलं आणि त्यानंतर माझ्याकडे 'कंटेम्पररी'ची ऑर्डर येऊ लागली. कंटेम्पररी म्हणजे मातकट रंगाचे सैल कपडे आणि अनवाणी पाय, एवढं मी त्यातून शिकले. शिलाई कमी, पैसे तेवढेच.

रडारडीबद्दल सगळेच बोलतात, म्हणून मी बोलत नाही. फक्त एक सांगते. माझ्या एका गिऱ्हाइकाची मुलगी कुठल्याशा ऑडिशनला गेली होती. तिला विचारलं, घरी काही अडचण? ती म्हणाली, "हो, बाथरूम एकच आहे." परत बोलावणं आलं नाही.

आणि मत द्यायचं म्हणाल तर मीही दिलं आहे. २००५ मध्ये नच बलिये जिंकले ते सचिन आणि सुप्रिया पिळगांवकर, त्यांना आमच्या घरातून पाच-सहा एसएमएस गेले होते. मराठी म्हणून. नाचाचा त्यात काही संबंध नव्हता आणि नवऱ्यानं बॅलन्सवरून दोन दिवस ऐकवलं. पुढे २०१० मध्ये डान्स इंडिया डान्सच्या दुसऱ्या पर्वात शक्ती मोहन जिंकली, धर्मेश येलांडे आणि पुनीत पाठक हरले, तेव्हा माझी पुतणी जेवली नव्हती. २०१६ साली डान्स प्लसच्या दुसऱ्या पर्वात तेच तिघं कॅप्टन म्हणून एका रांगेत बसलेले दिसले. पुतणीला फोन केला, म्हटलं, त्या दिवशीचं जेवण आता जेवून घे.

तेव्हा यंदा कोण जिंकणार ते दुसऱ्या कुणाला तरी विचारा. मला विचारायचंच असेल तर त्या मोरपंखी घागऱ्याचं विचारा, गेल्या आठवड्यात टीव्हीवर दिसलेल्या. चोवीस कळ्या तरी असतील, आणि गिरकीनंतर असा पडला की मी मशीन थांबवली. शेवटी नावांची पट्टी इतकी पळते की चष्मा लावेपर्यंत कपडेवाल्यांची नावं निघून जातात. तो घागरा कुणी शिवला ते तुमच्यापैकी कुणाला वाचता आलं असेल, तर माप द्यायला याल तेव्हा सांगा.