मी डॉक्टर असते हं!

भाचीला डॉक्टर-डॉक्टर खेळायचं होतं आणि घरात रिकामा माणूस मी एकटाच. "मी ना डॉक्टर असते, आणि मामा, तू ना आजारी असतोस," तिनं जाहीर केलं. मी लगेच कण्हायला लागलो, तर बाईसाहेब वैतागल्या. "अरे, अजून नाही! आपण ठरवतोय ना!"

मग ठरवाठरवी सुरू झाली. पोटात दुखत असतं की पाय मोडलेला असतो? पाय मोडलाय तर मी चालत कसा आलो? उशीनं आणलं. उशी कोण? बायको. इंजेक्शनचं पेन टोपणासकट की टोपणाशिवाय? (टोपणासकट. इथे मी अडून बसलो.) "आणि शेवटी तू मरतोस." "का गं?" "मला दुसरा पेशंट पाहिजे ना." यात चांगली वीस मिनिटं गेली. प्रत्यक्ष खेळ दोन मिनिटांत आटपला.

तेव्हापासून सिनेमात एखादं मूल खेळायला लागलं की मला वाटतं, यांची ठरवाठरवी कुठे गेली? पडद्यावरच्या पोराच्या हातात काठी येते, संगीत चढतं आणि काठीची तलवार होते. तीही लखलखीत, मुठीवर माणकं जडवलेली. मागची भिंत विरघळून किल्ला उभा राहतो. मग आई जेवायला हाक मारते आणि सगळं फटकन नाहीसं. दिसायला छान दिसतं, खर्च केलेला पैसाही दिसतो. पण हे खेळणाऱ्या पोराचं डोकं नव्हे, खेळ विसरलेल्या मोठ्या माणसाचं. पोराला काठी काठीच दिसत असते. ती तलवार आहे असं फक्त ठरलेलं असतं. म्हणून तर हाणताना ते हात आखडता घेतं आणि चुकून लागलंच तर "काठी लागली" म्हणून भोकाड पसरतं. लुटुपुटू हा आपला शब्द याला किती नेमका बसतो! आणि भाचीचं ते 'असते'. 'मी डॉक्टर आहे' म्हटलं तर ती थाप झाली; 'मी डॉक्टर असते' ही थाप नाही, अट आहे.

स्पीलबर्गनं 'ई.टी.'मध्ये (१९८२) कॅमेरा मुलांच्या उंचीवर आणला. आई सोडली तर मोठ्यांचे चेहरे बराच वेळ दिसतच नाहीत, एकाच्या तर कमरेच्या किल्ल्याच लक्षात राहतात. उंची झकास साधली. पण तिथला परग्रहावरचा पाहुणा खराच असतो, त्यामुळे ठरवायला काही उरत नाही.

ठरलेला खेळ पाहावा तो यासुजिरो ओझूच्या 'आय वॉज बॉर्न, बट...' या १९३२च्या जपानी मूकपटात. तिथल्या पोरांचा एक खेळ आहे. एकानं हातानं खूण केली की दुसऱ्यानं जमिनीवर मरून पडायचं, आणि जिवंत करणारी खूण होईपर्यंत उठायचं नाही. पडणाऱ्यांत, गोष्टीतल्या दोघा भावांच्या वडिलांच्या साहेबाचा मुलगाही असतो. राज्य असेल त्याचा हुकूम चालतो. पुढे साहेबाच्या घरी हौशी फिल्म दाखवतात, तर तिच्यात आपले वडील साहेबाला हसवायला वेडीवाकडी तोंडं करताना दिसतात. दोघा भावांना ते झेपत नाही. साहेबाचा मुलगा आपलं ऐकतो, मग बाबा त्याच्या बापापुढे का वाकतात? ऑफिसचा खेळ त्यांना कुणी विचारून ठरवलेला नसतो.

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'त (१९५५) अपू जत्रा, म्हणजे गावात आलेलं नाटक, पाहून येतो आणि चकचकीत कागदाचा मुकुट अन् मिशा करून आरशासमोर उभा राहतो. इथे कुठलाही राजवाडा अवतरत नाही. उलट तो कागद दुर्गाच्या खजिन्यातला असल्यामुळे भांडण होतं. कल्पनाशक्तीला कच्चा माल लागतो आणि तो बहुधा बहिणीच्या डब्यात असतो, हे रायना पक्कं ठाऊक होतं! त्या भांडणातूनच दोघं पळत काशफुलांच्या शेतात आणि आगगाडीपर्यंत पोचतात. पहिलं चित्रीकरण झाल्यावर आठवड्यानं मंडळी परत आली, तर गुरांनी सगळी फुलं खाऊन टाकलेली. पुढच्या मोसमापर्यंत थांबावं लागलं. गुरांशी काही ठरलेलं नव्हतं.

न ठरवता खेळलेला खेळ किती भीती घालतो, ते व्हिक्टर एरिसेच्या 'द स्पिरिट ऑफ द बीहाइव्ह' (१९७३) या स्पॅनिश चित्रपटात आहे. गावात फिरता सिनेमा 'फ्रँकेन्स्टाइन' हा राक्षसाचा चित्रपट दाखवतो आणि छोट्या आनाला तो राक्षस काही केल्या सोडत नाही. एके दिवशी मोठी बहीण जमिनीवर मेल्यासारखी पडून राहते. आनाला आधी सांगितलेलं नसतं. ती हाका मारते, हलवून बघते, बहीण ढिम्म. अख्ख्या सिनेमात मला सगळ्यात थरथरवणारी जागा हीच वाटते, आणि तिथे राक्षस नाही. आनाची भूमिका करणाऱ्या मुलीचं नावही आनाच. आपल्याला दुसऱ्याच नावानं का हाक मारायची, हे तिला पटेना, म्हणून दिग्दर्शकानं पात्रांना कलाकारांचीच नावं दिली. मोठ्या माणसांच्या कामात लहान मुलीची एक अट मान्य झाली.

आमच्या दवाखान्यात मी ठरल्याप्रमाणे मेलो. डॉक्टरांनी नाडी पाहिली, उशीची समजूत घातली, पेनाला टोपण घट्ट आहे ना ते बघितलं आणि नवीन पेशंट शोधायला त्या बाहेर निघून गेल्या. मी डोळे मिटून पडून राहिलो. बाहेरून कार्टूनचा आवाज यायला लागला. मेलेल्यानं कधी उठायचं, हे आमचं ठरलंच नव्हतं.